बदलापूरला नवीन टू बीएचके की कळव्यात जुना वन बीएचके? घर घेण्याआधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही ठाण्यात नोकरीला, मिस्टर लोअर परळला, सध्या भांडुपला भाड्याने राहता, मुलगी चार वर्षांची आहे आणि जूनपासून तिची शाळा सुरू होईल, सासूबाई गावी एकट्या असतात त्यांना आता इकडे आणायचंय. ४६ लाखात बदलापूरला नवीन टू बीएचके बसतोय, तेवढ्याच पैशात कळव्यात जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके मिळतोय, काय करावं असं विचारलंय. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, कल्याण ते कर्जत पट्ट्यात बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो, बरीच वर्षं हेच काम. त्यामुळे लोक घर घेतात तेव्हाही मी ते घर बघतो आणि विकायला काढतात तेव्हाही बघतो, आणि विकताना माणसं जे मोकळेपणाने बोलतात ते घेणाऱ्याच्या कानावर कधीच जात नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बदलापूर मला मनापासून आवडतं, पण तुमच्या घरची आत्ताची घडी बघता तिथे लगेच विकत घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहून बघा. आणि कळव्याचा तो फ्लॅट कागद पूर्ण बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

लांबच्या घराचा हिशोब सगळे ट्रेनच्या मिनिटांत करतात, बदलापूर ते ठाणे पाऊण-एक तास, सीएसएमटी दीड तास, मग काय, बसून मोबाईल बघत जाऊ. मी बघितलेल्या घरांमध्ये गणित बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. संध्याकाळी सात वाजता त्या घरात कोण असतं, हा प्रश्न विचारा. ज्या घरात दोघांपैकी एकाची नोकरी कल्याण-अंबरनाथ-उल्हासनगर बाजूला असते किंवा एकजण घरून काम करतो, ती घरं तिथे मस्त रुजतात, दहा-दहा वर्षं हलत नाहीत. दोघंही मुंबईच्या दिशेने जाणारे असतील तर दोन-तीन वर्षांत फ्लॅट भाड्याने देऊन परत ठाण्या-मुलुंडकडे भाड्याने येतात, आणि तेव्हा हप्ताही चालू असतो नि भाडंही.

आता तुमचंच बघू. तुम्हाला वाटतंय की मिस्टरांना लांब पडेल पण तुम्हाला ठाणं जवळ आहे. सकाळी तसंच आहे, बदलापूरहून सुटणारी गाडी पकडली तर जागाही मिळते, फक्त कर्जत-खोपोलीहून येणारी पकडायला जाऊ नका, ती नेरळ-वांगणीलाच भरलेली असते. पण संध्याकाळी ठाण्याला बदलापूर किंवा कर्जत लोकलमध्ये चढणं हे या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात कठीण काम आहे. गाडी सीएसएमटीपासून दादर, कुर्ला, घाटकोपर करत भरून आलेली असते, लेडीज डब्याच्या दारात आधीच कल्याणच्या पुढे उतरणाऱ्या बायका उभ्या असतात, कारण आत गेलं तर वेळेवर बाहेर येता येत नाही. एक गाडी सोडली की लगेच दुसरी अशी ठाण्यासारखी सोय कल्याणच्या पुढे नाही, कारण कल्याणला गाड्या कसारा आणि कर्जत अशा दोन बाजूंना फुटतात, तुमच्या वाट्याला त्यातल्या काहीच येतात. शिवाय कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत आणि त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस पण जातात, एखादी रखडली की मागची लोकल थांबलीच. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३ए या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात मंजूर आहे, जेमतेम १४ किलोमीटरचं काम आहे, मध्ये चिखलोली स्टेशनही होणार आहे, आणि ते झालं की खरंच फरक पडेल. पण तुमची मुलगी या जूनमध्ये शाळेत जाणार आहे, तिची पहिलीदुसरीची वर्षं त्या कामाच्या भरवशावर ठेवू नका.

गर्दीबद्दल अजून एक, हे घाबरवायला लिहीत नाहीये. ९ जून २०२५ ला मुंब्रा-दिवा दरम्यान दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, चौघं त्याच दिवशी गेली. सकाळची कामावर जायची वेळ होती. ती माणसं स्टंट करत नव्हती, आत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून दारात होती. त्यामुळे कुणी "सवय होते हो" म्हणालं की मला राग येतो. एसी लोकल परवडत असेल तर तिचा पास घरखर्चात धरा, चैन म्हणून धरू नका, आणि बदलापूरच्या एसी गाड्यांच्या वेळा तुमच्या ऑफिसच्या वेळेला जुळतात का ते आधी बघा, मोजक्याच असतात.

मिस्टरांचं सांगायचं तर दादरपर्यंत फास्ट, तिथून स्लोने करी रोड, मग चालत, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दोन तास धराच. येऊन-जाऊन चार. ते नऊच्या आत घरी पोचणार नाहीत, तुम्ही सव्वासहाला ऑफिसातून निघालात आणि सगळं सुरळीत असलं तरी पावणेआठ. म्हणजे मुलगी शाळेतून आल्यापासून पावणेआठपर्यंत सासूबाईंकडे. आता सासूबाईंच्या जागी बसून विचार करा. गावी त्यांना अंगण आहे, शेजार आहे, कुणीतरी हाक मारतं. इथे नवीन कॉम्प्लेक्समध्ये सातव्या मजल्यावर निम्मे फ्लॅट अजून बंद, लोकांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेले, खाली दुकानांचे गाळे रिकामे, लाईट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत लिफ्ट बंद, आणि मांडीवर चार वर्षांची पोर. व्हॅल्युएशनला दुपारी जातो तेव्हा अशा घरात दार उघडणारी आजी मला नेहमी भेटते. मी टेप लावून खोल्या मोजत असतो आणि त्या माझ्याशी बोलत असतात, कधी कधी काम झाल्यावरही बसा म्हणतात, चहा ठेवते म्हणतात, कारण दिवसभरात बोलायला आलेला मीच पहिला असतो. हे मला आतून हलवतं म्हणून इतकं लिहितोय. फ्लॅट निवडताना त्या घरात सगळ्यात जास्त तास कोण राहणार आहे त्याच्या सोयीने निवडा, म्हणजे तुमच्या बाबतीत सासूबाई आणि मुलगी.

आणि म्हणूनच बदलापूरला जायचं ठरलं तर स्टेशनपासून लांबच्या टाऊनशिपपेक्षा जुन्या वस्तीजवळ बघा. पूर्वेला कुळगाव, गांधी चौक, कात्रपचा जुना भाग, पश्चिमेला स्टेशनजवळची वस्ती, इथे बिल्डिंग जुन्या, पार्किंगची बोंब, पण खाली उतरलं की वाणी, डॉक्टर, देऊळ, भाजीवाली सगळं पायी. म्हातारी माणसं इथे फुलतात, आठवड्याभरात ओळखी होतात, भजनी मंडळ मिळतं. वाचणारी असतील तर ग्रंथसखासारखं मराठी पुस्तकांचं मोठं वाचनालय आहे.

चांगल्या बाजू आहेतच, आणि त्या खऱ्या आहेत. मुलीला स्वतःची खोली मिळेल, भांडुपच्या चाळवजा वन आरकेतून जाताय तर हा फरक छोटा नाही. खिडकीतून टावली-चंदेरीचे डोंगर दिसतात, पावसाळ्यात ते हिरवेगार होतात आणि धबधबे घरातून मोजता येतात. जून-जुलैत स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कर्टुली घेऊन बसतात, मे-जूनमध्ये बदलापूरची जांभळं. थंडीत सकाळी खरीच थंडी असते. शाळेच्या फिया ठाण्यापेक्षा कमी, कामाला मावशी मिळतात, रिक्षा शेअरने स्टेशन. शहर अजून पुष्कळसं मराठी आहे, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला आख्खं गाव रस्त्यावर असतं. माझ्या ओळखीत कितीतरी जण निवृत्त होऊन मुद्दाम इकडे आलेत आणि सुखी आहेत. उन्हाळा मात्र कडक, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, समुद्राचा वारा इथपर्यंत येत नाही, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. इन्व्हर्टर लागणारच, घराच्या किमतीत धरा.

पाण्याचं दोन्ही अंगांनी बघावं लागतं, कमी पडणारं आणि घरात शिरणारं. बारवी धरण बदलापूरच्या शेजारी आहे, त्याचं पाणी पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं, पण बदलापूर शहराला पाणी देतं जीवन प्राधिकरण उल्हास नदीतून, आणि वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने टाक्या नि पाईप वाढले नाहीत. बिल्डर सांगेल चोवीस तास पाणी. नळाला पाणी कुठून येतं एवढंच विचारा, प्राधिकरणाचं कनेक्शन आहे का, ते पक्कं आहे का बांधकामाचं तात्पुरतं, की बोअर आणि टँकर. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून एप्रिल-मेची टँकरची बिलं बघायला मागा, माणसं दाखवतात. महिन्याचा मेंटेनन्स ब्रोशरमध्ये अडीच हजार आणि उन्हाळ्यात चार हजार का होतो ते त्या बिलांत दिसतं.

घरात शिरणारं पाणी म्हणजे उल्हास. २००५ चा २६ जुलै सगळ्यांना आठवतो, २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, २०२१ च्या जुलैतही नदी शहरात आली. पश्चिमेला हेंद्रेपाडा, मांजर्ली, वालिवली, बॅरेज रोड या नदीकडच्या भागांत जपून. नदीची निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा बांधकामाला मनाई, निळी ते लाल अटींवर परवानगी. प्लॉट कुठे पडतो ते नगरपरिषदेच्या नकाशावर विचारा, बिल्डरच्या ऑफिसातल्या मॉडेलवर ते नसतं. आणि नकाशा मिळेपर्यंत डोळ्यांनी बघा. मी पार्किंगमध्ये उतरलो की आधी मीटर कुठे लावलेत ते बघतो. आजूबाजूच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मीटरची पेटी डोक्याच्या वर चढवलेली असेल, पंपाची मोटर चौथऱ्यावर उचलून ठेवलेली असेल, खांबांना खालचे तीन-चार फूट वेगळ्या रंगाचा हात मारलेला असेल, तर तिथे पाणी येऊन गेलंय, कुणी काही सांगो. वॉचमनला विचारा गाड्या कुठे नेऊन लावता पावसात, तो लगेच सांगतो.

तुम्ही वरच्या मजल्यावर घ्याल म्हणून पाणी घरात येणार नाही हे खरं, पण पाणी भरलं की अंबरनाथ-बदलापूर दरम्यान ट्रेनही बंद, आणि तुम्ही दोघं तिकडे, आजी-नात इकडे. वर्षातून एखाद-दोन दिवस असं होऊ शकतं, ठाण्यात रात्री कुणाकडे उतरायची सोय आहे का याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवावं लागतं.

दवाखान्याचं थोडक्यात, साध्या आजारांना डॉक्टर भरपूर आहेत आणि चांगले आहेत, पण सासूबाईंना बीपी आहे म्हणताय तर रात्री छातीत दुखलं तर कुठे न्यायचं ते घर घेण्याआधी माहीत हवं. मोठ्या आजाराला लोक कल्याण-डोंबिवली किंवा ठाण्याला धावतात, म्हणजे रस्त्याने, आणि तो रस्ता रात्री अकराला वेगळा आणि संध्याकाळी सातला वेगळा असतो. एकदा संध्याकाळी गाडीने जाऊन बघा.

पैशाचं बोलू. तुमच्याकडचे १० लाख घालून ३६ लाखांचं लोन, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण ३१,२०० रुपये, स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार रजिस्ट्रेशन वेगळं. तोच फ्लॅट तुम्हाला तुमच्याच माहितीप्रमाणे १० हजारांनी भाड्याने मिळतो. म्हणजे ४६ लाखांच्या वस्तूचं वर्षाचं भाडं १ लाख २० हजार, अडीच टक्क्यांच्या जरासं वर, आणि बँकेला तुम्ही देणार साडेआठ. हा फरक किंमत झपाट्याने वाढली तरच भरून निघतो, आणि माझा अनुभव असा की बदलापूरला नव्या घरांच्या किमती वाढतात पण रिसेलला तेवढा भाव मिळत नाही. कारण साधं आहे, जमीन अजून शिल्लक आहे. तुमची बिल्डिंग आठ वर्षांची झाली की समोर नवीन टॉवर उभा असतो, तो बिल्डर स्टॅम्प ड्युटी भरतो, मॉड्युलर किचन देतो, गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल? रिपोर्टमध्ये मी आकडा लिहितो तेव्हा मालकाचा चेहरा पडलेला बघवत नाही. ब्रोशरमध्ये नवी मुंबई विमानतळ, वडोदरा एक्सप्रेसवे, कांजुरमार्ग-बदलापूर मेट्रो सगळं लिहिलेलं असतं. विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला हे खरं, एक्सप्रेसवेचं काम दिसतंय, ती मेट्रो अजून कागदावर आहे. पण या सगळ्याचे पैसे आजच्या दरात तुमच्याकडून घेतले जातायत, उद्या झालं तरी तुम्ही ते आधीच मोजलेत. राहायला घ्या, गुंतवणूक म्हणून दुसरीकडे बघा.

कळव्याबद्दल. जागा म्हणून ती तुमच्या दोघांच्या नोकरीला फारच सोयीची आहे, ठाणं पुढचं स्टेशन, मिस्टरांचा रोजचा निम्मा वेळ वाचतो, संध्याकाळी सातला तुम्ही घरात. पण या भागात कमी किमतीच्या जुन्या बिल्डिंगपैकी बऱ्याच अनधिकृत आहेत. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळ फाट्याला बिल्डिंग कोसळून ७४ माणसं गेली ती अशीच उभी केलेली होती. बांधकाम परवानगी, ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, सोसायटी नोंदणी, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, ३० वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, हे सगळं हातात येऊ दे. राष्ट्रीयीकृत बँक लोन द्यायला तयार नसेल आणि एजंट म्हणत असेल की फायनान्स कंपनीतून करून देतो, तर तिथेच उठा. आणि हे नवीन बिल्डिंगलाही लागू आहे, नुसता महारेराचा, म्हणजे सरकारकडे प्रोजेक्ट नोंदवल्याचा नंबर बघून खात्री मानू नका. डोंबिवलीत ६५ बिल्डिंगी खोट्या परवानग्यांवर महारेरा नंबर मिळवून उभ्या राहिल्या आणि हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या, राहणाऱ्यांचे हप्ते चालूच होते. परवानगीची प्रत घेऊन नगरपरिषदेत किंवा महापालिकेत नगररचना विभागात स्वतः जा आणि ती त्यांच्या रेकॉर्डला आहे का विचारा, एक रजा टाकावी लागेल, टाका.

तर तुमच्यासाठी मला असं दिसतं. कळव्याच्या फ्लॅटचे कागद स्वच्छ निघाले तर तोच घ्या, एक खोली कमी आहे, आजी-नात हॉलमध्ये झोपतील, चालेल, पण मुलीला आई सातला दिसेल. कागदात थोडी जरी खोट निघाली तर तो विषय संपला, मग बदलापूरला गांधी चौक-कात्रपच्या आसपास टू बीएचके भाड्याने घ्या, मे महिन्यात राहायला जा, म्हणजे उन्हाळ्याचं पाणी, लाईट आणि लगेच पावसाळा, सगळं पहिल्या चार महिन्यांत कळतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करूनच करा, शाळेत ॲड्रेस प्रूफलाही तोच चालतो. या वर्षात दोन गोष्टी करून बघा, तुमच्या ऑफिसात कल्याणची किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून कामाची सोय होते का, आणि सासूबाई रमतात का. दोन्ही जमलं तर बदलापूरला बिनधास्त विकत घ्या, तोपर्यंत कुठला भाग चांगला, कुठे टँकर येतो, सगळं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत झालेलं असेल. तेव्हा घर फक्त तुमच्या नावावर घ्या, बाईच्या एकटीच्या नावावर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की मिळत नाही. लोनला को-ॲप्लिकंट म्हणून मिस्टर चालतात का ते बँकेला आधी विचारून घ्या.

शाळेचं मात्र थांबवू नका. ॲडमिशन जानेवारी-फेब्रुवारीतच भरतात, तेव्हा कळव्याचे कागद या महिन्यात मागवा, मालक टाळाटाळ करायला लागला तर पंधरा दिवसांच्या वर वाट बघू नका.